दुसऱ्या दिवशीची भूक

महालक्ष्म्या घरात असताना डोळ्यातून पाणी काढायचं नाही, अशी सासूबाईंची, सुभद्राबाईंची सक्त ताकीद असायची. म्हणून संजीवनीनं सकाळपासून पुरणाचं पातेलं धरून ठेवलं होतं. वाफेत डोळे पुसले तर काऊन म्हणून कोणी विचारत नाही.

काल दिवसभर तिची लेक प्रतीक्षा तिकडे पोलंडात ओकत होती. इकडे उंद्रीत मुखवटे बसवले जात होते, साड्यांच्या निऱ्या घातल्या जात होत्या, आणि संजीवनी दर घटकेला मोरीत जाऊन फोन पाहत होती. आज सकाळी मेसेज आला. ‘आई, एकदम बरं वाटून राह्यलं. लय भूक लागली. झुरेक करून राह्यली.’ तो वाचून तिला आधी हसू आलं आणि मग तिनं तो आणखी तीनदा वाचला. 

“संजू, खाली लागून राह्यलं पुरण,” दीपमाला म्हणाली. ही थोरली जाऊ, शेखरची बायको. खामगावहून सणाला यायची ती हातभर बांगड्या आणि तोंडभर सल्ले घेऊन. आज मात्र हळू बोलत होती. “आला का निरोप?”

“हाव. बरी हाये म्हणते. भूक लागली म्हणते.”

“मंग झालं तर. जे होतं ते ओकून निघून गेलं. आता तोंड पाडून नोको बसू, आईंच्या ध्यानात येईन.”

“जाऊबाई, तुमी कोणाले सांगतलं तर नाई ना?”

“मी काऊन सांगीन व?”

दीपमालाच्या पोटात गोष्ट राहत नाही हे अख्ख्या खामगावला ठाऊक होतं, संजीवनीलाही होतं. पण भ्यालेल्या माणसाला कोणाजवळ तरी बोलावंच लागतं, आणि नवऱ्याजवळ बोलायची सोय नव्हती. पोरीला परदेशी धाडायला अविनाश पहिल्यापासून राजी नव्हता. संजीवनी आणि मोठे भाऊजी शेखर, दोघांनी मिळून त्याला वाकवला. नागपूरच्या विमानतळावर त्यानं दोघांकडे पाहून एवढंच म्हटलं होतं, “पोरीले काही झालं तर मी तुमाले विचारीन.” त्या वाक्याची धास्ती संजीवनीच्या मनातून कधी गेली नाही.

तसं वाईट काही होत नव्हतं हो. उलट पोरगी तिकडे खुलली होती. पहिली थंडी तिनं खिचडी आणि डब्यातल्या ठेच्यावर काढली, रोज रडली. मग एका संध्याकाळी घरमालकीण हालिनाबाई दार वाजवून वाडगाभर सूप देऊन गेली. राय नावाच्या धान्याच्या पिठाचं, आंबवलेलं, झुरेक म्हणतात ते. प्रतीक्षानं एक घोट घेतला आणि तिथूनच फोन लावला, “आजी, ही तर आंबील हाये.” तेव्हापासून ती त्या बाईच्या स्वयंपाकघरातच पडीक. बरणीत पीठ आंबवायला शिकली, बटाट्याच्या करंज्या उकडायला शिकली, बिटाचं लालभडक सार करायला शिकली. शनिवारी व्हिडिओ यायचा आणि सगळं घर त्यावर टीका करायला बसायचं. सुभद्राबाई म्हणायच्या, “म्हणजे तिकडले लोकबी आंबीलच पेतात. मंग एवढा पैसा कायले घातला, इथंच पेली असती.” म्हणायच्या, आणि पुन्हा लाव म्हणायच्या.

यंदा हालिनाबाईनं तिला जंगलात नेलं. तिकडे या दिवसांत अळंबी वेचायचा मोसम असतो, माणसं टोपल्या घेऊन निघतात, घरी आणून दोऱ्यात ओवून चुलीवर वाळत घालतात. बाईनं एक नियम घालून दिला होता. टोपी उलटी करून पाहायची. खाली स्पंजासारखं असलं तर टोपलीत टाकायचं, पदर पदर असले तर हात लावायचा नाही. प्रतीक्षानं नियम पाळला, जोवर बाई सोबत होती तोवर. परवा बाई लेकीकडे गेली आणि ही एकटीच जंगलात गेली. तिथं एका झाडाखाली तिला पांढऱ्या, किंचित हिरवट छत्र्या दिसल्या. खाली पदर होते. पण पोरीचं मन हालिनाबाईच्या जंगलातून उठून थेट उंद्रीच्या वावरात गेलं. तिनं आईला फोटो धाडला, खाली लिहिलं, ‘आपल्या धुऱ्यावरच्या सात्या सापडल्या. या खातात हे हालिनाबाईले मालूमच नाई. तिखट-मीठ घालून भाजी केली, आई, तशीच लागली.’

सात्या. पावसाळ्यात वावरात उगवणारी ही अळंबी अख्खा गाव खातो, पण हा शब्द या घरात उच्चारत नसत. नणंद सिंधूताईचा नवरा राजकुमार सात्या समजून विषारी छत्र्या खाऊनच गेला होता, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. तेव्हा प्रतीक्षा शाळकरी होती, तिला सांगितलं होतं की मामाजी काविळीनं गेले. मोठ्यांनी ते तसंच राहू दिलं. म्हणून तर पोरीला भीती वाटली नाही, आणि म्हणून तर संजीवनीनं तो फोटो घरच्या ग्रुपवर जाऊ दिला नाही.

दुपारी नैवेद्य झाला. सोळा भाज्या, कढी, पुरणपोळी, आंबील. संजीवनीनं लेकीला दाखवायला म्हणून आरतीचा व्हिडिओ घेतला, घेताना फोन खिडकीत टेकवून ठेवला आणि सगळ्यांबरोबर बाहेर आली. सुभद्राबाईंनी दार ओढून कडी घातली, दाराशी पाट मांडून बसल्या. या घराची रीतच होती. ताटं वाढली की लक्ष्म्यांना निवांत जेवू द्यायचं, दार लावून घ्यायचं, विडा द्यायची वेळ होईपर्यंत आत पाऊल नाही. फोन आतच राहिला हे संजीवनीच्या ध्यानात आलं तेव्हा कडी लागून गेली होती.

सिंधूताई मागच्या अंगणात केळीची पानं पुसत बसली होती. शेखरच्या पाठची, अविनाशहून मोठी. नवरा गेल्यापासून माहेरीच असायची आणि सणाच्या दिवशी बाहेरची कामं धरायची. देवीच्या खोलीत ती जात नसे. सासरे अर्जुनराव एकदा बायकोला म्हणाले होते, “आपलीच लेक हाये, येऊ दे तिले आत.” सुभद्राबाई म्हणाल्या, “रीत मी केली का? आन मोडू कशी मी?” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पण रीत राहिली.

दीपमाला पानं न्यायला आली ती मोकळी होऊनच. “आता जिवात जीव आला बाप्पा, सिंधूताई. काल संजूकडं पाहवत नव्हतं. पोरगी दिवसभर ओकून राह्यली तिकडं.”

“काय खाल्लं होतं?”

“तिकडलंच काहीतरी.” दीपमालानं पानं उचलली. “आता बरी हाये.”

सिंधूताईनं पानांचं दुसरं टोक धरून ठेवलं. “वहिनी. काय खाल्लं होतं?”

दीपमालाला खोटं बोलायचं होतं, पण तेवढी तयारी नव्हती. “सात्या,” ती म्हणाली. “परवा रातच्याले. पण आता खरंच बरी हाये हो. भूक लागली म्हणते.”

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि सिंधूताई उठून उभी राहिली. बाकी जगाला भूक लागली म्हणजे माणूस उठला. तिला त्याच भुकेचं भय होतं. राजकुमारही एक दिवस असाच आडवा पडला होता, आणि दुसऱ्या दिवशी उठून दोन भाकरी खाल्ल्या, वरून ताक मागितलं. दारातल्या माणसांना हसून म्हणाला, तुमी रडाले आले होते का? सगळे घरी गेले. सात्या शिजवल्या त्या दिवशी तिचा उपास होता, म्हणून ती वाचली. ती का वाचली यावरही माणसं पुढं वर्षभर बोलली.

तिनं पानं तिथंच टाकली आणि घरात गेली.

अविनाश बैठकीत पाहुण्यांसाठी सतरंजी झटकत होता. ताई अशी धावत येताना त्यानं राजकुमारच्या वेळीच पाहिली होती. त्याच्या हातातली सतरंजी तशीच राहिली.

“अवी, पोरीले फोन लाव. आत्ता.”

“काऊन? काय झालं?”

“तिनं सात्या खाल्ल्या परवा. काल ओकली. आज बरं वाटून राह्यलं तिले. लाव तू फोन.”

अविनाशनं आधी बायकोकडे पाहिलं. संजीवनी स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकली होती, आणि तिचा चेहरा पाहून त्याला कळलं की तिला हे आधीच ठाऊक होतं. त्याला तिचा इतका संताप आला की घटकाभर पोरीचं भान राहिलं नाही. “तुले मालूम होतं?”

“आता भांडू नोको बे,” शेखर मध्ये पडला. “बरी हाये म्हणते ना ती? मंग काय फोन लावता आन तिले भेव दाखवता? परदेशात एकटी पोरगी. ओकलं, निघालं, संपलं.”

“दादा, त्यायच्या वक्ती तूच हे म्हणला होता,” सिंधूताई म्हणाली. “दारात उभा राहून. हेच.”

शेखर मागे सरला. ती खोटं बोलत नव्हती.

अविनाशनं फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावणार तोच बंद दाराआड, आत, फोन वाजला.

संजीवनीच्या फोनची ती सनईची रिंग होती. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. सुभद्राबाई पाटावरून उठल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“दार उघडणार नाई,” त्या म्हणाल्या.

“आई, प्रतीक्षाचा असंन.”

“असू दे. मंग बोलजा. जेवणाऱ्याले ताटावरून उठवलं तर ते आशीर्वाद देईन का? हे सारं कोणासाठी केलं मी? त्या पोरीसाठीच केलं ना?”  त्या आडमुठ्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. आतल्या दोघी उपाशी उठल्या तर त्यांचा कोप घरातल्या लेकरावर पडतो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं, आणि आज घरातलं लेकरू आधीच धोक्यात होतं.

संजीवनी पुढं गेली. सासूच्या बाजूनं हात घालून तिनं कडीला बोट लावलं आणि काढून घेतलं. “मले नाई जमत व माय,” ती म्हणाली. “उघडलं आन तिले काही झालं तर? नाई उघडलं आन झालं तर?” असं म्हणून ती तिथंच खाली बसली. आत रिंग थांबली. अविनाशनं आपल्या फोनवरून लावून पाहिला तर पोरगी दुसऱ्या कॉलवर होती, आणि लगेच आत सनई पुन्हा सुरू झाली.

अविनाशला वाटलं आपण पुढं व्हावं. बाप होता तो. पण समोर आई होती आणि आईच्या मागे देव होता, आणि त्याचे पाय हलले नाहीत. पुढं कितीतरी दिवस त्याला हेच आठवत राहिलं.

सिंधूताईनं आईला खांद्याला धरून बाजूला केलं. फार जोर लावावा लागला नाही. “कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे,” ती म्हणाली. “माझं आता काय घेतीन त्या?” तिनं कडी काढली आणि इतक्या वर्षांनी त्या खोलीत पाऊल टाकलं. वाढलेल्या ताटांना वळसा घालून खिडकीतला फोन उचलला.

पडद्यावर प्रतीक्षा हसत होती. केस धुतलेले, अंगात लाल स्वेटर, हातात वाफाळलेला वाडगा. “आई, किती वेळची लावून राह्यली. मले लक्ष्म्या दाखव ना. मीबी नैवेद्य केला पाह, झुरेक. अरे, आत्या? तू आत कशी?”

बाहेर सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. संजीवनी रडायलाच लागली. शेखर म्हणाला, “पाह्यलं? धडधाकट हाये पोरगी.” सुभद्राबाई नुसत्या सिंधूताईकडे पाहत राहिल्या, आणि त्या पाहण्यात सगळा दोष होता. घटकाभर सिंधूताईलाही वाटलं की आपण चुकलो. पोरीच्या गालावर रंग होता. एवढ्यासाठी आपण देवीचं जेवण मोडलं.

मग प्रतीक्षानं चमचा तोंडात घातला आणि म्हणाली, “काल मेली होती मी, आत्या. आज किती खाऊ किती नाई असं होऊन राह्यलं.”

“पोरी, चमचा ठेव खाली,” सिंधूताई म्हणाली. “तुले दवाखान्यात जायाचं हाये.”

“काऊन? मी बरी हाये.”

“म्हणूनच. तुझे मामाजी काविळीनं नाई गेले. आमी तुले खोटं सांगतलं. सात्या खाऊन गेले ते. पहिल्या दिवशी ओकले, दुसऱ्या दिवशी तुझ्यावाणीच जेवले, हसले. आमी म्हटलं, बरे झाले.”

प्रतीक्षाचा चेहरा बदलला, पण ती अजून हट्टाला होती. “ते इथलं नाई व आत्या. आन मी नीट धुऊन, शिजवून खाल्ल्या. तशाच लागल्या.”

“हालिनाबाई आली का घरी?”

“हाव, सकाळीच आली. खाली हाये.”

“तिले बोलाव. तिले तो फोटो दाखव. माझ्यासमोर दाखव, मी फोन ठेवत नाई.”

“सिंधू, त्या बाईले काय समजते आपली भाषा,” शेखर पुटपुटला. कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. सगळे आता उंबरठ्यात दाटीनं उभे होते, सुभद्राबाईसुद्धा.

प्रतीक्षानं फोन भांड्याला टेकवून ठेवला. दोऱ्यात ओवलेली वाळकी अळंबी मागे लटकत होती. हाक ऐकू आली, जिन्यावर पावलं वाजली. पिकल्या केसांची जाडजूड बाई एप्रनला हात पुसत आत आली, पडद्यातल्या गर्दीला पाहून हसली, हात हलवला. प्रतीक्षानं संगणकावर तो फोटो उघडून तिच्यापुढं केला आणि तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं.

बाईनं फोटो पाहिला. डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा पाहिला. तिनं काहीतरी विचारलं, अगदी हळू. प्रतीक्षानं मान हलवून हो म्हटलं. बाईनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली. मग पोरीच्या हातातला वाडगा काढून मोरीत ओतला, आपला फोन कानाला लावला आणि मोठमोठ्यानं बोलू लागली, दुसऱ्या हातानं पोरीच्या अंगात कोट चढवू लागली. ती काय बोलत होती यातला एक शब्द उंद्रीत कोणाला कळला नाही. सांगायची गरज कोणाला पडली नाही.

“आई,” प्रतीक्षा म्हणाली, आणि तिचा आवाज लहान पोरीचा झाला होता. फोन कलंडला. पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं, मग तेही गेलं.

पुढच्या वेळेचं काय सांगावं. पाहुण्यांना शेखरनं दारातूनच परत लावलं. अन्नाला कोणी हात लावला नाही. अविनाश बायकोशी बोलत नव्हता, पण तिच्या शेजारीच बसून होता, आणि मध्येच तिनं पाणी मागितलं तर उठून घेऊन आला. दीपमाला एका कोपऱ्यात देवाचं नाव घेत होती. तिनं तोंड उघडलं नसतं तर काय झालं असतं, हे तिच्यासकट सगळ्यांच्या मनात येऊन गेलं. खोलीचं दार उघडंच होतं. सुभद्राबाईंनी ते पुन्हा लावलं नाही.

दिवेलागणीला फोन आला. संजीवनीनं तो न उचलता अविनाशच्या हातात दिला. प्रतीक्षा दवाखान्यातून बोलत होती, हाताला सलाईन होतं. रक्त तपासलं, ती म्हणाली. यकृताला मार लागायला लागला आहे. औषध सुरू केलं आहे. पुढचे दोन-तीन दिवस पाहावं लागेल, आत्ता काहीच सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर. हालिनाबाई बाहेर बसली आहे, घरी जा म्हटलं तर जात नाही.

“मी येतो,” अविनाश म्हणाला. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. “पोरी, मी येतो तिकडं.”

“पप्पा, आईवर रागावू नका. मीच तिले म्हणलं होतं, कोणाले सांगू नोको.” मग म्हणाली, “आत्याले द्या.”

आवाज तुटक येत होता. सिंधूताई फोन घेऊन अंगणाकडे निघाली तशा सुभद्राबाई म्हणाल्या, “बाहेर नोको जाऊ. रेंज आतच येते, खिडकीजवळ. तिथं बस.” आणि स्वतः पुढं होऊन त्यांनी ताटांमधून जागा केली, आपला पाट आत ठेवला. सिंधूताई बसली. घर सगळं दारात उभं राहिलं.

“आत्या, खरं सांगशीन?”

“सांगीन.”

“तिसऱ्या दिवशी काय झालं होतं?”

संजीवनीनं तोंडात पदर घातला. अविनाशनं मान हलवली, नको सांगू म्हणून. सिंधूताईनं त्याला पाहिलं, पण पोरीला आधीच एक खोटं सांगून झालं होतं आणि त्याचं फळ समोर होतं.

“तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले,” ती म्हणाली. “मंग आमी दवाखान्यात नेलं. तू दुसऱ्याच दिवशी गेली.”

 तिकडं कुठलंसं यंत्र वाजत होतं.

“मले लय भेव लागून राह्यलं, आत्या.”

“लागू दे. मलेबी लागून राह्यलं,” सिंधूताई म्हणाली. “ते भ्याले नव्हते.”